मेश्रामकाका आणि पडद्यावरच्या बाई

मेश्रामकाकांच्या डोळ्यांतून माणसांचे चेहरे गेले आणि बाकी सगळं राहिलं. झाडं राहिली, रिक्षा राहिल्या, समोरच्या इमारतीत वाळत घातलेले टॉवेल राहिले. जिना ते कुणाचाही हात न धरता उतरत. पण खाली भेटलेला माणूस कोण, हे त्यांना आवाजावरून नाहीतर पोटाच्या आकारावरून ओळखावं लागे. दुसऱ्या कुणावर ही वेळ आली असती तर मी चार शब्द हळहळून आपल्या कामाला लागले असते. काकांच्या बाबतीत मात्र मला अजून राग येतो. कारण या माणसाने जन्मभर चेहरे बघण्यापलीकडे कसलीही चैन केली नव्हती. दारू नाही, तंबाखू नाही, सुपारीचं खांडसुद्धा नाही. फक्त चेहरे, तेही मोजके, परदेशी बायकांचे आणि काळ्यापांढऱ्या सिनेमातले.

आम्ही कर्वेनगरला राहायला आलो आणि पहिल्याच पावसाळ्यात आमच्या बाथरूमच्या छताला ओल आली. वरच्या मजल्यावर 'मेश्राम' अशी पाटी होती. रविवारी सकाळी मी भांडायच्या तयारीने वर गेले. दार सताड उघडं होतं. आत पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला शर्ट घालून एक उंच, सावळे गृहस्थ टीव्हीसमोर लाकडी खुर्चीत ताठ बसले होते. केसांना पाणी लावून भांग पाडलेला. मी म्हटलं, "अहो, तुमच्या बाथरूममधून आमच्याकडे..."

त्यांनी मागे न बघता हात वर केला. "दोन मिनिटं थांबा जी. बाई रडून राहिल्या."

मला वाटलं, घरात काहीतरी वाईट घडलंय. मी ओशाळून दोन पावलं मागे सरले. मग पडद्याकडे लक्ष गेलं. एका गोऱ्या बाईचा चेहरा पडदाभर पसरला होता आणि तिच्या खालच्या पापणीवर एक थेंब अडून बसला होता. पडतही नव्हता आणि परतही जात नव्हता. मीही मुकाट्याने तो थेंब पडायची वाट बघत उभी राहिले. तेवढ्यात बाल्कनीतून आवाज आला, "रडू दे तिला. तिचंच पाणी गळतंय तुमच्या छतातून."

त्या मेश्रामकाकू. टीव्हीकडे पाठ करून, बुटक्या स्टुलावर बसून मेथी निवडत होत्या.

ओल पुढे दुरुस्त झाली, पण माझं वर जाणं सुरूच राहिलं. मी जवळच्या कॉलेजात ऑफिसात काम करते. रविवार मोकळा असतो, आणि माझ्या घरी टीव्हीवर जे चालतं त्यापेक्षा वरचं बरं होतं. खरं सांगायचं तर टीव्हीपेक्षाही मला त्या दोघांची जुगलबंदी बघायची असे.

काका मूळचे नागपूरकडचे. पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून लागले, बदलीवर पुण्याला आले आणि इथलेच झाले. तारुण्यात नागपूरला असताना सकाळच्या खेळाला जुने इंग्रजी सिनेमे लागत, तिथे हा नाद लागला. पुण्यात आल्यावर कॅम्पातल्या थिएटरचे सकाळचे खेळ, मग व्हिडिओ कॅसेट, मग सीडी, आणि शेवटी मुलीने टीव्हीला इंटरनेट जोडून दिलं तेव्हा काका आठवडाभर लहान मुलासारखे जेवण विसरले होते. इंग्रजी त्यांना बेताचंच कळे. मी एकदा विचारलं, "काका, बोलणं समजतं का हो तुम्हाला?" ते म्हणाले, "बोलणं काहून समजायला पाहिजे? तुमच्या घरी पाहुणी आली तर तुम्ही तिचं व्याकरण तपासता का?"

आणि या पाहुण्यांना त्यांनी स्वतः नावं ठेवली होती. सिनेमातलं नाव नाही, खरं नावही नाही. "उच्चार चुकला की बाईंचा अपमान होते," असं त्यांचं म्हणणं. म्हणून जड पापण्यांची, कमी हसणारी ती थोरल्या बाई. पुरुषांच्या तोंडावर फाडफाड बोलणारी, विजार घालून खिशात हात घालून उभी राहणारी ती वकीलसाहेब. आखूड केसांची, मोठ्या डोळ्यांची, कायम कुठून तरी पळून आल्यासारखी दिसणारी ती धाकटी. एकदा मी इंटरनेटवरून खरी नावं शोधून मोठ्या हौसेने सांगायला लागले, तर काकांनी कानांवर हात ठेवले. त्यांच्या घरात त्या बायका याच नावांनी राहत होत्या. शेजारची दोन-तीन बिऱ्हाडंही एव्हाना "काय काका, आज थोरल्या की धाकटी?" असं विचारायला शिकली होती.

इस्त्रीच्या शर्टाचंही कारण होतं. रविवारी अंघोळ, पोहे, इस्त्रीचा शर्ट, मग बाई. कितीही उकडत असो, टीव्हीसमोर बनियनवर बसलेले काका मी कधी पाहिले नाहीत. "बाई एवढ्या नटून समोर येणार आणि आपण बनियनवर बसायचं? काही लाज आहे का नाही?" चेहरा जवळून दाखवला की हातातला चमचासुद्धा ते बशीत ठेवून देत. चेहऱ्यासमोर खायचं नाही. मग रिमोटने चित्र थांबवत आणि आम्हाला चेहरा समजावून देत. आयुष्यभर त्यांनी धरणांचे आणि डोंगरउतारांचे नकाशे काढले होते. त्याच बोटांनी ते हवेत रेघा ओढत. "हे पाहा गालाचं हाड. इथून चढ सुरू. इथे माथा. आणि इथून खाली एकदम सरळ कडा. ह्या कड्यावरून उजेड घसरून राहिला, तो हनुवटीवर येऊन थांबते. देवाने काढलं असं आपण म्हणत नाही, पण ज्याने काढलं त्याचा हात थरथरला नाही." समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. तिच्याकडे बोट करून म्हणत, "त्या पापण्या पाहा आणि थोरल्या बाईंच्या पाहा. अर्ध्या मिटलेल्या. पूर्ण उघड्या डोळ्यांनी जग सोसत नाही माणसाला."

काकू या सगळ्याकडे अक्षरशः पाठ फिरवून बसत. स्टुलाचं तोंड बाल्कनीकडे, मांडीवर ताट. "माझ्या ओळखीच्या नाहीत त्या," एवढंच त्यांचं म्हणणं. काकू येरवड्याच्या. बोलणं मोजकं आणि फोडणीला टाकल्यासारखं. "तुरुंगाच्या भिंतीसमोर लहानाची मोठी झाले मी. ह्या बायकांना काय घाबरायचंय," असं म्हणत, पण बघत मात्र नसत. एका रविवारी चहा आणला तो चार कप. काका, मी, त्या स्वतः, आणि चौथा कप त्यांनी टीव्हीपुढच्या टेबलावर नेऊन ठेवला. "बाईंना." मला हसू आवरेना. काका मात्र गंभीरपणे म्हणाले, "साखर कमी घातलीस ना? त्यांना फिगर सांभाळावी लागते." काकूंनी तो कप उचलला, तिथेच उभ्या राहून एका दमात पिऊन टाकला आणि रिकामा कप काकांच्या हातात दिला. "बाईंनी घेतला. आता विसळून ठेवा."

आणि काकांनी तो उठून विसळला, हेही सांगायला हवं. स्वभावाने माणूस लोण्यासारखा. काकूंना तोडून बोललेले मी कधी ऐकले नाहीत. फक्त बघत नसत. म्हणजे बघत, पण वर्तमानपत्र कुठे आहे हे बघावं तसं. एकदा काकू मला म्हणाल्या, "शुभदा, ह्यांना थोरल्या बाईंच्या भुवईतला एक केस वाकडा झाला तर कळतो. मी टिकली लावायची सोडून किती वर्षं झाली, विचार ना."

काकांनी वळून न बघताच विचारलं, "लावत नाही का?"

"नाही. गोंदाने पुरळ येतं. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा शेजारी बसला होतात."

काकूंच्या कपाळावर मधोमध एक फिकट गोल डाग होता, टिकलीएवढाच. मी तो पहिल्याच दिवशी पाहिला होता. त्या दोघी-तिघी गोऱ्या बायका माझ्याही आवडीच्या झाल्या होत्या, पण त्या दिवशी मला त्यांचा थोडा रागच आला.

मग कात्रजची गोष्ट झाली. सोसायटीची सहल प्राणिसंग्रहालयात गेली होती. आम्ही सगळे वाघाच्या आवारासमोर कठड्याला रेलून उभे. वाघीण सावलीत पसरली होती आणि आमच्याकडे ढुंकूनही बघत नव्हती. "पाहा, अगदी थोरल्या बाई," काका कौतुकाने म्हणाले. "आपण इथे असून नसल्यासारखे." मग त्यांची नजर कठड्यावर गेली आणि कपाळाला आठी पडली. "हे काय काम केलं? नळ्या वाकल्या आहेत सगळ्या मधोमध." नळ्या सरळ होत्या. मी तसं म्हटलं. काका ऐकेनात. सरळ रेघ म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकवायचं? जन्मभर त्यावरच पोट भरलेलं. त्यांनी तिथल्या रखवालदाराला बोलावलं आणि सांगितलं की कठडा बदलून घ्या, लहान मुलं येतात, धोका आहे. रखवालदाराने कठडा पाहिला, काकांना पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "आणि वाघ कसा दिसतोय काका? सरळ आहे का?"

सगळे हसले. काकाही हसले. काकू हसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, काकांसमोर उभी धरली आणि विचारलं, "ही?" काका म्हणाले, "मधे पिचकलीये." परतीच्या बसमध्ये काकू खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या.

डॉक्टरांकडे मी सोबत गेले, कारण त्यांची मुलगी नागपूरला. डॉक्टर तरुण होते, सभ्य होते आणि त्यांच्याकडे देण्यासारखं काही नव्हतं. चौकटी आखलेला एक कागद त्यांनी काकांपुढे धरला. काकांनी एक डोळा झाकून पाहिलं आणि म्हणाले, "हा कोणी आखला? नोकरीवरून काढा त्याला." डॉक्टर हसले, मग सावकाश समजावून सांगितलं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. कडा राहील, मधलं जाईल. ज्याच्याकडे बघाल तेवढंच दिसणार नाही, त्याच्या आजूबाजूचं दिसेल. या प्रकाराला औषध नाही. गोळ्या घ्यायच्या, आहे ते जपायचं.

"म्हणजे चेहरा?" काकांनी विचारलं.

"चेहरा आधी जातो," डॉक्टर म्हणाले. "पण एक युक्ती आहे. समोरच्या माणसाचा चेहरा बघायचा असेल तर त्याच्याकडे बघू नका. त्याच्या कानाच्या बरंच पलीकडे बघा. कडेच्या नजरेने थोडं दिसतं. सराव लागतो."

काका बाहेर आल्यावर रिक्षात मला म्हणाले, "बाईंकडे तोंड फिरवून पाहायचं म्हणते तो. त्यांना काय वाटेल?"

पुढचं वर्ष-दीड वर्ष चेहरे जात राहिले. आधी धाकटी गेली, कारण तिचा चेहरा लहान. वकीलसाहेब चालण्यावरून आणि खांद्यांवरून ओळखू येत होत्या, म्हणून त्या थोड्या टिकल्या. थोरल्या बाईंच्या टोप्या दिसत, केसांच्या लाटा दिसत, गळ्याभोवतीची फर दिसे, आणि मधोमध, काकांच्या शब्दांत, "कुणीतरी ओल्या बोटाने पुसून ठेवलेलं." टीव्ही मोठा आणला. काहीच फरक पडला नाही. पुसलेलं तेवढंच मोठं झालं. भिंग आणलं, ते कपाटात गेलं. तरी रविवारचा शर्ट चुकला नाही. बटणं गळ्यापर्यंत, भांग सरळ. शेजाऱ्यांनी मात्र आज कोण आलंय हे विचारायचं हळूहळू बंद केलं.

अशाच एका रविवारी तो जुना सिनेमा लागला होता, पापणीवर थेंब अडणारा. संगीत बारीक झालं आणि काकांना कळलं की ती जागा आली. ते खुर्चीत पुढे सरकले. डॉक्टरांची युक्ती करून पाहिली. मान खिडकीकडे वळवली, परत समोर आणली, परत वळवली. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "शुभदा, पडला का?"

मी तोंड उघडायच्या आत बाल्कनीत स्टूल सरकल्याचा आवाज झाला. काकूंनी मांडीवरचं ताट खाली ठेवलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी स्टुलाचं तोंड आत केलं.

"नाही अजून," त्या म्हणाल्या.

"कुठे आहे?"

"खालच्या पापणीवर. डाव्या."

"ओठ?"

"मिटलेत. खालचा ओठ आत घेतलाय. रडायचं नाही असं ठरवून बसलीये मेली." थोडं थांबून म्हणाल्या, "पडला."

काकांनी श्वास सोडला. मी कुणाकडेच बघू शकले नाही. काकूंनी पदराने हात पुसले आणि म्हणाल्या, "नाकावर पावडर जास्त झालीये तिच्या." काका म्हणाले, "नाही. तो उजेड आहे." "मला दिसतंय की तुम्हाला?" असं काकू बोलून गेल्या, आणि मग उठून आत चहा टाकायला गेल्या. चहाला त्या दिवशी फार वेळ लागला.

त्यानंतर दर रविवारी काकू स्टूल आत वळवून बसत आणि चेहरे सांगत. आवड म्हणून नाही. घरातलं आणखी एक काम अंगावर पडलं म्हणून. कपाळावर आठी, आवाजात वैताग. पण सांगत नेमकं. कोणती भुवई वर गेली, हसू डोळ्यांपर्यंत आलं की तोंडावरच राहिलं. एवढी वर्षं न बघितलेल्या बायका त्यांना पाठ होत्या असं मला वाटायला लागलं. किंवा नवऱ्याला जी आवडते त्या बाईची ओळख न बघताही होत असेल. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं नसतं.

एकदा काकू दूध आणायला खाली गेल्या होत्या. काका खुर्चीत बसले होते, टीव्ही बंद. मला म्हणाले, "कागद-पेन्सिल दे." मी दिली. कागदाकडे न बघता, बाल्कनीकडे तोंड करून ते रेघा ओढायला लागले. आधी पापणी, मग भुवई, मग गालाचा तो कडा. बघता बघता कागदावर थोरल्या बाई उतरल्या. हुबेहूब. मी खरंच टाळी वाजवली. "आता ह्यांना काही होत नाही," काका म्हणाले. "डोळे गेले तरी आत पक्क्या आहेत."

मग त्यांनी कागद उलटा केला. दुसऱ्या बाजूला अंबाडा काढला, थोडा सैल. मानेवर सुटलेले दोन केस. खांद्यावरून पुढे घेतलेला पदर, चष्म्याची दोरी, वाकलेली पाठ. कुणीही ओळखलं असतं. काकूच. पेन्सिल पुन्हा वर आली, चेहऱ्याच्या जागेवर टेकली आणि तिथेच राहिली. काकांनी ती उचलली, परत टेकवली. कागदावर नुसते ठिपके उमटले.

"शुभदा," ते म्हणाले, "आमची ही दिसते कशी?"

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "म्हणजे?"

"नाक कसं आहे तिचं?"

मी सांगायचा प्रयत्न केला. नाक सरळ आहे, जरा बसकं आहे. डोळे... डोळे चांगले आहेत. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की असं सांगून चेहरा होत नाही. काका मान हलवत होते, पण पेन्सिल हलत नव्हती. त्यांना ओल्या बोटाने पुसल्यासारखं दिसायचं ना, तसंच कागदावर झालं होतं; सभोवती सगळं होतं आणि मधे काही नव्हतं.

"डॉक्टरांना दोष नाही देत मी," काका म्हणाले. "डोळे चांगले होते तेव्हा ही समोरच होती. रोज होती. मी पाहिलंच नाही, बाप्पा. आता आठवायचं म्हटलं तर काय आठवू?" आणि ते रडायला लागले. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते. लग्नातला फोटो काढू का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "त्यात मान खाली आहे तिची. आणि फोटो तरी कुठे दिसते मला?"

दारात दुधाची पिशवी घेऊन काकू उभ्या होत्या. केव्हा आल्या होत्या कोण जाणे. त्यांनी चपला काढल्या, दूध ओट्यावर ठेवलं, परत येऊन तो कागद उचलला. आधी थोरल्या बाईंची बाजू पाहिली, मग उलटी करून आपली पाहिली.

"चांगली दिसत होते तेव्हा बघायचं होतं," त्या म्हणाल्या. "आता काय ठेवलंय तिथे."

हे त्या नेहमीच्याच सुरात म्हणाल्या. म्हणूनच ते ऐकवेना. कागद त्यांनी टाकला नाही, जपलाही नाही; डाळीच्या डब्याखाली ओल येत होती, तिथे घडी करून घातला. मी काहीतरी निमित्त काढून खाली आले.

त्या दिवाळीनंतर काकांच्या डोळ्यांत रक्त उतरलं आणि कडाही जायला लागली. जिना बंद झाला. एकटीने काकूंना निभेना, म्हणून मुलीने दोघांना नागपूरला न्यायचं ठरवलं. घर भाड्याने द्यायचं होतं. सामान आधी गेलं. टीव्ही मात्र शेवटपर्यंत ठेवला होता.

निघायच्या दिवशी रविवारच होता. मी डबा घेऊन सकाळी वर गेले. दार उघडं होतं, पहिल्या दिवसासारखंच. टीव्हीवर थोरल्या बाई होत्या, पडदाभर, आवाज बंद. त्यांच्याकडे कुणीच बघत नव्हतं. रिकाम्या खोलीत बाल्कनीच्या उजेडात काकूंनी आपलं स्टूल ठेवलं होतं आणि त्यावर त्या अगदी ताठ बसल्या होत्या. ठेवणीतली जरीची साडी. केस नीट विंचरलेले, पदर खांद्यावर चापूनचोपून बसवलेला. समोर काका, कडक इस्त्रीच्या शर्टात, बटणं गळ्यापर्यंत. आणि काकांचं तोंड पलीकडच्या भिंतीकडे होतं. नवरा-बायकोचं भांडण होऊन त्याने तोंड फिरवलंय असंच नवख्याला वाटलं असतं. पण मला डॉक्टरांची युक्ती ठाऊक होती. काका काकूंकडे बघत होते.

"हलू नको," काका म्हणाले.

"हलत नाहीये."

"थोडी उजेडाकडे हो."

काकू थोड्या सरकल्या. हा हुकूम त्यांनी निमूटपणे मानला. मी दारातच थांबले होते. खाली गाडीचा हॉर्न वाजला, परत वाजला.

"दिसतंय का काही?" काकूंनी विचारलं.

"दिसते." फारच पटकन आलं ते उत्तर.

"काय दिसतं?"

काकांनी मान आणखी वळवली. इतकी, की गळ्याचं बटण ताणलं गेलं. "सगळी दिसते. डोळे, नाक." मग आनंदाने म्हणाले, "आणि ती टिकली. मरून रंगाची."

काकूंच्या कपाळावर काही नव्हतं. तो फिकट डागही उजेडात जेमतेम कळत होता.

आता काकू काहीतरी लागट बोलणार म्हणून मी मनातल्या मनात तयार झाले. त्या उठल्या. काकांना "आले, गॅस बघते," असं म्हणाल्या, पण स्वयंपाकघराकडे न जाता सरळ दाराशी माझ्याकडे आल्या. तोंडावर बोट ठेवलं. मग नखाने माझ्या कपाळावरची टिकली हलकेच सोडवली, आपल्या कपाळावर, त्या डागावर, दाबून बसवली आणि परत जाऊन स्टुलावर ताठ बसल्या.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "तीच."

"बघ," काका भिंतीला म्हणाले. "म्हटलं नव्हतं? सराव लागते फक्त."

माझी टिकली काळी होती. काकांना त्याने काही फरक पडणार नव्हता. नागपूरपर्यंतचा प्रवास लांबचा होता आणि काकूंनी ती टिकली वाटेत काढली नसणार. गोंदाने त्यांना पुरळ येतं.